शेजाऱ्याचा स्वार्थ, शेजारची शांतता

फिलिपिन्सच्या दक्षिणेकडील मिंदानाओ बेट आणि सुलू द्वीपसमूह येथील मुस्लिम समाज व मनिलातील केंद्र सरकार यांच्यातील सशस्त्र संघर्ष १९७०च्या दशकाच्या आरंभी पेटला आणि सर्वसाधारणपणे मांडल्या जाणाऱ्या अंदाजानुसार त्यात सुमारे १,२०,००० माणसे मृत्युमुखी पडली. या संघर्षावरचा राजकीय तोडगा म्हणून ओळखला जाणारा ‘बांग्सामोरो सर्वंकष करार’ २७ मार्च २०१४ रोजी मनिला येथे झाला, तेव्हा त्यावर सरकार आणि बंडखोर संघटना यांच्या मुख्य प्रतिनिधींबरोबर मलेशियाच्या प्रतिनिधीचीही सही होती. या बंडखोरीच्या पहिल्या पिढीला मलेशियाच्या भूमीवर शस्त्रांचे शिक्षण मिळाले होते आणि मलेशियाच्या ताब्यातील साबाह प्रांतावरचा आपला दावा फिलिपिन्सने आजही अधिकृतपणे सोडलेला नाही. तरीही तेरा वर्षे या वाटाघाटींचे यजमानपद मलेशियाकडेच राहिले. शेजारी देशाचा राजनैतिक पाठिंबा म्हणजे नेमके काय, तो कशामुळे फळाला येतो आणि कोठे येऊन थांबतो, हे समजून घेण्यासाठी मिंदानाओइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

वादाची मुळे

सोळाव्या शतकात स्पॅनिश सत्ता फिलिपिन्समध्ये आली त्यापूर्वीच दक्षिणेकडील बेटांवर सुलू आणि मागिंदानाओ या सुलतानशाही राजवटी उभ्या राहिल्या होत्या. स्पॅनिशांनी आपल्या देशातील मूर मुसलमानांच्या नावावरून येथील मुसलमानांना ‘मोरो’ म्हटले आणि पुढे याच नावाचा या समाजाने अभिमानाने स्वीकार केला. ‘बांग्सामोरो’ म्हणजे मोरो राष्ट्र किंवा मोरो जनसमूह. स्पेनला तीन शतकांत या प्रदेशावर पूर्ण ताबा मिळवता आला नाही, परंतु १८९८ मध्ये फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली करताना स्पेनने हा भागही त्यात धरला. अमेरिकी राजवटीत आणि १९४६ मधील स्वातंत्र्यानंतरही उत्तरेकडील ख्रिस्ती शेतकऱ्यांना मिंदानाओमध्ये जमिनी देऊन वसवण्याचे धोरण चालू राहिले. परिणामी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिंदानाओत बहुसंख्य असलेला मुस्लिम समाज शतकाच्या उत्तरार्धात सुमारे एक पंचमांशावर आला, आणि पूर्वापार वहिवाटीच्या परंतु कागदोपत्री नोंद नसलेल्या जमिनी त्याच्या हातून गेल्या. जमीन, स्वशासन आणि धार्मिक-सांस्कृतिक ओळख हे पुढच्या प्रत्येक वाटाघाटीतील तीन मुख्य विषय या इतिहासातूनच आले.

मलेशियाचा संबंध या वादाशी साबाहच्या वाटेने जुळतो. बोर्निओ बेटाचा हा ईशान्य भाग सुलूच्या सुलतानाने १८७८ मध्ये एका करारान्वये युरोपीय व्यापाऱ्यांच्या स्वाधीन केला. तो भाडेपट्टा होता की कायमचे हस्तांतरण, यावर दोन्ही बाजू आजही भिन्न मते मांडतात. फिलिपिन्सने १९६२ मध्ये या प्रदेशावर हक्क सांगितला, तर १९६३ मध्ये साबाह मलेशियाच्या संघराज्यात सामील झाला. सुलूच्या टोकाकडील बेटांपासून साबाहचा किनारा इतका जवळ आहे की लहान बोटींनी ये-जा करणाऱ्या तेथील लोकांच्या दृष्टीने ही सरहद्द नकाशावरच राहिली, आणि दोन्ही किनाऱ्यांवर एकाच कुळातील माणसे नांदत आली.

मार्च १९६८ मध्ये मनिलाच्या उपसागराच्या तोंडाशी असलेल्या कोरेहिदोर बेटावर लष्करी प्रशिक्षण घेणाऱ्या काही मुस्लिम तरुणांना त्यांच्याच लष्कराने गोळ्या घातल्या. साबाहमध्ये घुसवण्यासाठी फेर्दिनांद मार्कोस यांच्या सरकारने ही तुकडी गुप्तपणे उभी केली होती, असे त्यानंतर उघडकीस आले. ‘जाबिदा हत्याकांड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रसंगातील मृतांच्या संख्येबाबत एकमत नाही, तथापि त्याचे परिणाम निःसंशय आहेत: मोरो तरुणांचा मनिलावरचा विश्वास उडाला आणि मलेशियाला आपल्या भूमीवर शेजाऱ्याचा डोळा असल्याचा पुरावा मिळाला. १९६९ मध्ये सुमारे नव्वद मोरो तरुणांच्या पहिल्या तुकडीने मलेशियातील पांगकोर बेटावर गनिमी युद्धाचे शिक्षण घेतले आणि साबाहचे तत्कालीन मुख्यमंत्री मुस्तफा हारुन यांनी पुढील काळात या चळवळीला उघड आश्रय दिला. त्याच तुकडीतील नूर मिसुआरी यांच्या नेतृत्वाखाली मोरो राष्ट्रीय मुक्ती आघाडी उभी राहिली, आणि सप्टेंबर १९७२ मध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारल्यावर दक्षिणेत सर्वत्र लढाई सुरू झाली.

दोन करार, अपुरी शांतता

मलेशियाच्या आधी इतर दोन मुस्लिमबहुल देशांनी हा प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केला होता. इस्लामी देशांच्या संघटनेच्या पुढाकाराने लिबियात २३ डिसेंबर १९७६ रोजी त्रिपोली करार झाला आणि त्यात तेरा प्रांतांना स्वायत्तता देण्याचे ठरले. मात्र अंमलबजावणी ‘घटनात्मक प्रक्रियेनुसार’ व्हावी या तरतुदीचा आधार घेऊन मार्कोस यांनी आपल्या सोयीने ती राबवली आणि लढाई पुन्हा पेटली. पुढे इंडोनेशियाच्या मध्यस्थीने २ सप्टेंबर १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष फिदेल रामोस यांच्या सरकारने मिसुआरी यांच्याशी ‘अंतिम’ म्हणवला जाणारा करार केला, परंतु तोपर्यंत चळवळीत फूट पडून बरीच वर्षे लोटली होती. हाशिम सलामत यांनी १९७७ मध्ये वेगळी वाट धरून स्थापलेली मोरो इस्लामी मुक्ती आघाडी आता अधिक बलवान झाली होती आणि १९९६ च्या कराराला ती बांधील नव्हती. सन २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादा यांनी या आघाडीविरुद्ध सर्वंकष युद्ध पुकारून तिचा अबूबकर तळ जिंकला. तरी संघटना संपली नाही, उलट लाखो माणसे विस्थापित झाली.

मलेशियाच्या धोरणात बदल घडला तो याच काळात. एप्रिल २००० मध्ये अबू सय्याफ या टोळीने साबाहच्या किनाऱ्यावरील सिपादान या पर्यटनस्थळावरून एकवीस जणांचे अपहरण करून त्यांना सुलूतील होलो बेटावर नेले, आणि शेजारच्या घरातील आग आपल्या अंगणात येऊन पोहोचल्याचे क्वालालंपूरला दिसले. साबाहमध्ये १९७० च्या दशकापासून आलेल्या निर्वासितांचा आणि बेकायदा स्थलांतराचा प्रश्न तर होताच. त्यामुळे २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया अरोयो यांनी पंतप्रधान महाथीर मोहमद यांना मदतीची विनंती केली, तेव्हा मलेशियाने ती स्वीकारली आणि २४ मार्च २००१ रोजी क्वालालंपूरमध्ये बोलणी पुन्हा सुरू करण्याच्या चौकटीवर सरकार आणि मोरो इस्लामी मुक्ती आघाडी या दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्या. बदललेल्या धोरणाचा दाखला त्याच वर्षअखेरीस मिळाला. पुन्हा बंड करून साबाहमध्ये पळून आलेल्या मिसुआरी यांना मलेशियाने अटक केली आणि जानेवारी २००२ मध्ये फिलिपिन्सच्या हवाली केले. एकेकाळच्या आश्रिताला परत पाठवून मलेशियाने मनिलाला एक गोष्ट दाखवून दिली की फिलिपिन्सची अखंडता तिला मान्य आहे.

यजमानाने नेमके काय केले

राजनैतिक व्यवहारात वाटाघाटींना मदत करणाऱ्या तिसऱ्या पक्षाच्या भूमिका वेगवेगळ्या असतात. मध्यस्थ स्वतः तोडगे सुचवतो, हमीदार करार पाळला जाईल याची जबाबदारी घेतो, तर सुलभकर्ता दोन्ही पक्षांना एका टेबलाशी आणून बोलणी चालू ठेवण्यापुरते काम करतो. सार्वभौमत्वाबाबत संवेदनशील असलेल्या मनिलाने मलेशियाला यांपैकी शेवटची आणि सर्वांत मर्यादित भूमिका दिली. प्रत्यक्षात ती भूमिका दिसते तितकी लहान नव्हती. बंडखोरांच्या प्रतिनिधींना अटकेच्या भीतीशिवाय बसता येईल अशी जागा पुरवणे, समोरासमोर बोलणे अशक्य झाल्यास दोन दालनांमध्ये निरोप पोहोचवणे, मान्य झालेल्या मुद्द्यांच्या नोंदी ठेवणे आणि सरकार बदलले तरी आधी काय ठरले होते याची आठवण कायम ठेवणे ही सर्व कामे यजमानाकडे आली. फिलिपिन्समध्ये दर काही वर्षांनी राष्ट्राध्यक्ष आणि वाटाघाटी करणारे पथक बदलत असताना सातत्य राखणारी जागा क्वालालंपूर हीच होती.

दुसरे साधन होते आंतरराष्ट्रीय निरीक्षण पथक. मलेशियाच्या नेतृत्वाखाली ब्रुनेई आणि लिबिया यांच्या सहभागाने सुमारे साठ जणांचे हे पथक ऑक्टोबर २००४ पासून मिंदानाओमध्ये काम करू लागले. या पथकातील लष्करी अधिकारी निःशस्त्र असत आणि त्यांचे काम युद्धबंदी मोडल्याच्या तक्रारींची जागेवर जाऊन शहानिशा करणे हे होते. कोणी आधी गोळी झाडली या प्रश्नाला दोन्ही पक्षांना विश्वासार्ह वाटेल असे उत्तर मिळू लागल्याने चकमकींची संख्या झपाट्याने घसरली. पुढे जपान, नॉर्वे आणि युरोपीय संघही या कामात सहभागी झाले.

या पाठिंब्याची मर्यादा २००८ मध्ये स्पष्ट झाली. मोरोंच्या पूर्वापार भूमीविषयीच्या सामंजस्य करारावर ५ ऑगस्ट २००८ रोजी क्वालालंपूरमध्ये सही व्हायची होती. मलेशियाने परदेशी राजदूतांसह समारंभाची सारी तयारी केलेली असताना आदल्या दिवशी फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि ऑक्टोबरमध्ये आठ विरुद्ध सात अशा निसटत्या बहुमताने हा करार घटनाबाह्य ठरवला. ज्यांच्या प्रदेशात हा बदल होणार होता त्या प्रांतांच्या ख्रिस्ती नेत्यांना आणि जनतेला विश्वासात न घेता मसुदा तयार झाला, हा न्यायालयापुढील एक मुख्य आक्षेप होता. बंडखोरांच्या काही सेनानींनी संतापून खेड्यांवर हल्ले केले, लष्कराने प्रत्युत्तर दिले आणि सहा लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. मलेशियाने वर्षअखेरीस आपले निरीक्षक परत बोलावले, तेव्हा युद्धबंदीवर देखरेख करणारे कोणीच उरले नाही. निरीक्षक कशासाठी असतात याची जाणीव दोन्ही पक्षांना तेव्हा झाली.

बोलणी २००९ मध्ये पुन्हा सुरू झाली, परंतु रचना बदलून. एकट्या शेजाऱ्यावर विसंबून राहण्यापेक्षा आणखी साक्षीदार असावेत या विचाराने त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संपर्क गट स्थापन झाला. त्यात ब्रिटन, जपान, तुर्कस्तान व नंतर सौदी अरेबिया हे देश आणि चार स्वयंसेवी संस्था होत्या. शासन आणि स्वयंसेवी संस्था यांचा असा मिश्र गट वाटाघाटींत प्रत्यक्ष बसवण्याची ही नवी पद्धत होती. मलेशियाचा मुख्य सुलभकर्ता बंडखोरांकडे झुकतो, अशी मनिलाची तक्रार होती. २०११ मध्ये तेंग्कू अब्दुल गफार यांच्याकडे ते काम सोपवून मलेशियाने तिचीही दखल घेतली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो आणि आघाडीचे अध्यक्ष मुराद इब्राहिम यांची जपानमध्ये थेट भेट झाली. मागची गाठ सुटल्यावर काम वेगाने पुढे सरकले आणि १५ ऑक्टोबर २०१२ रोजी पंतप्रधान नजीब रझाक यांच्या उपस्थितीत मनिलात आराखडा करार झाला.

कसोटी आणि करार

या मैत्रीची खरी परीक्षा फेब्रुवारी २०१३ मध्ये झाली. सुलूच्या सुलतानपदावर हक्क सांगणाऱ्या जमालुल किराम यांच्या सशस्त्र अनुयायांनी साबाहमधील लाहाद दातू येथे उतरून जुना दावा पुन्हा पुढे केला. या संघर्षात मलेशियाच्या सुरक्षा दलांतील दहा जण आणि पन्नासहून अधिक घुसखोर मारले गेले. सुलतानाच्या वारसांना वर्षाला ५,३०० रिंगिट देण्याची जुन्या करारापासून चालत आलेली प्रथा मलेशियाने त्यानंतर थांबवली. वाटाघाटी मात्र थांबवल्या नाहीत. राष्ट्राध्यक्ष अकिनो यांनीही हल्लेखोरांची बाजू न घेता त्यांना परत येण्यास सांगितले. साबाहचा वाद आणि मिंदानाओची शांतता हे दोन विषय वेगळे ठेवण्याचे हे सामंजस्य टिकले नसते, तर पुढचा करार झाला नसता.

सत्तावाटप, महसूल व साधनसंपत्तीचे वाटप, संक्रमणकाळाची व्यवस्था आणि ‘सामान्यीकरण’ म्हणजे लढवय्यांना नागरी जीवनात परत आणणे, या चार विषयांची परिशिष्टे वर्षभरात एकेक करून पूर्ण झाली आणि मार्च २०१४ मध्ये सर्वंकष करार आकाराला आला. बंडखोरांच्या वतीने मोहागर इक्बाल आणि सरकारच्या वतीने प्राध्यापक मिरियम कोरोनेल-फेरर यांनी सह्या केल्या. बंडखोर गटाशी असा अंतिम करार करणाऱ्या जगातील त्या पहिल्या महिला मुख्य वाटाघाटीकार मानल्या जातात. शस्त्रे जमा करून घेण्याचे काम तुर्कस्तानच्या अध्यक्षतेखाली नॉर्वे आणि ब्रुनेई यांचा समावेश असलेल्या स्वतंत्र मंडळाकडे सोपवण्यात आले. साबाहमध्ये हितसंबंध असलेल्या मलेशियाने हे काम आपल्याकडे ठेवले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

सही झाल्यावरची वाट सोपी नव्हती. २५ जानेवारी २०१५ रोजी मामासापानो येथे एका मलेशियन बॉम्बतज्ज्ञाला पकडण्यासाठी गेलेल्या विशेष पोलीस दलातील ४४ जवान बंडखोरांशी झालेल्या चकमकीत ठार झाले. संतप्त लोकमतापुढे संसदेने बांग्सामोरो विधेयक रोखले आणि मलेशियाच्या हेतूंविषयी उघड शंका व्यक्त झाल्या. त्यानंतर २०१७ मध्ये इस्लामिक स्टेटशी निष्ठा सांगणाऱ्या गटांनी मारावी शहर पाच महिने वेठीस धरले, तेव्हा करार लांबला तर तरुण कोणाकडे वळतात हे दिसून आले. अखेर राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांच्या सहीने जुलै २०१८ मध्ये बांग्सामोरो मूलभूत कायदा झाला, जानेवारी आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सार्वमत घेण्यात आले आणि ‘मुस्लिम मिंदानाओतील बांग्सामोरो स्वायत्त प्रदेश’ अस्तित्वात आला. ऐंशी सदस्यांचे प्रादेशिक विधिमंडळ आणि केंद्राच्या निव्वळ अंतर्गत महसुलाच्या पाच टक्के इतके वार्षिक अनुदान या त्याच्या ठळक तरतुदी होत. मुराद इब्राहिम यांची हंगामी मुख्यमंत्री म्हणून नेमणूक झाली.

शेजाऱ्याच्या पाठिंब्याचे मोल

भारतीय वाचकाला या इतिहासात एक ओळखीची रेघ दिसेल. श्रीलंकेतील तमिळ गटांना १९८०च्या दशकाच्या आरंभी भारतात प्रशिक्षण मिळाले आणि २९ जुलै १९८७ रोजी त्याच भारताने कोलंबोत शांतता करार केला. परंतु तेथे लढणारी प्रमुख संघटना सही करणाऱ्यांत नव्हती. भारत आणि श्रीलंका या दोन सरकारांनी आपसांत ठरवलेला तोडगा अमलात आणण्यासाठी भारतीय शांतिसेना पाठवावी लागली आणि हजाराहून अधिक जवानांचे प्राण देऊन ती १९९० मध्ये परतली. मलेशियाचा पूर्वेतिहास भारतापेक्षा फारसा वेगळा नव्हता. फरक पडला तो तिने स्वीकारलेल्या मर्यादेमुळे: सह्या भांडणाऱ्या दोन्ही पक्षांच्या राहिल्या, हमीदार होण्याचा मोह टाळला गेला आणि पाठवलेल्या माणसांच्या हाती शस्त्रे दिली गेली नाहीत.

शेजारी निःपक्ष असावा ही अपेक्षा सहसा वास्तवाला धरून नसते. दूरच्या देशाला निःपक्ष राहणे परवडते, शेजाऱ्याला नाही. मात्र ज्याचा स्वार्थ सर्वांना माहीत आहे आणि तो शांततेनेच साधणार आहे, असा शेजारी निःपक्ष परंतु उदासीन देशापेक्षा अधिक काळ टेबलाशी बसून राहतो. साबाहचा किनारा सुरक्षित राहावा हा मलेशियाचा हेतू मनिलाला आणि मोरो नेत्यांनाही ठाऊक होता, त्यामुळे तिच्या प्रत्येक कृतीचा अर्थ लावणे त्यांना शक्य होते. बंडखोरांना ती एक मुस्लिम देश म्हणून जवळची वाटली, तर तिने फुटीरतेला खतपाणी घालणे सोडल्याचे पाहून सरकारला तिच्याशी व्यवहार करता आला.

या पाठिंब्याने काय साधत नाही, तेही तितकेच स्पष्ट आहे. न्यायालय, संसद आणि शेजारच्या प्रांतांतील मतदार यांच्यापुढे करार मांडणे हे फिलिपिन्सच्या सरकारचेच काम होते आणि ते जेव्हा टाळले गेले तेव्हा २००८ ची वेळ आली. सार्वमतात नकार देऊनही सुलू प्रांत नव्या प्रदेशात घातला गेला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला वगळल्यामुळे ज्या सुलतानशाहीच्या इतिहासातून हा वाद उभा राहिला तीच भूमी आज स्वायत्त प्रदेशाबाहेर आहे. करारानुसार शस्त्रे खाली ठेवायच्या ४०,००० लढवय्यांपैकी २६,००० हून अधिकांनी ती ठेवली, पण त्यांना देऊ केलेले पुनर्वसन पुरे झाले नाही या कारणाने आघाडीने जुलै २०२५ मध्ये उरलेल्यांची प्रक्रिया स्थगित केली. प्रदेशाची पहिली निवडणूकही ठरल्याप्रमाणे २०२२ मध्ये न होता वारंवार पुढे गेली, आणि निरीक्षण पथकाचे काम २०२२ मध्ये संपल्याने जागेवर जाऊन पाहणारे बाहेरचे डोळेही आता कमी झाले आहेत.

मलेशियाने करून दाखवले ते एवढेच की दोन शत्रूंना तेरा वर्षे एकमेकांशी बोलत ठेवता येते आणि त्यासाठी शेजाऱ्याने आपले हित लपवावे लागत नाही, ते आवरते घ्यावे लागते. दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी मात्र मनिला आणि बांग्सामोरो नेतृत्व यांचीच आहे. पुनर्वसनाचा पैसा आणि मतपेटी वेळेवर पोहोचली नाही, तर क्वालालंपूरच्या टेबलावर मिळवलेले सारे पुन्हा बंदुकीच्या हाती जाईल.